भिंतीकडे तोंड केलेली पाटी

“साहेब, ही कामाला न्हाय. उष्टं न्यायला येते.”

शेठ माझ्याकडे बोट दाखवून बोलला. समोर लेबर ऑफिसचा साहेब. माझ्या केसांत कापूस, हातात अर्धी भरलेली सुताची कांडी. मुकादम हसला.

धामणकर नाक्यामागच्या त्या लूमच्या कारखान्यात आम्ही आठ बाया कांड्या भरायचो. पुरुषांची नावं हजेरीत होती. आमची नव्हती. साहेब तपासणीला येणार हे शेठला आधीच कळायचं. मग दोन कामं व्हायची. वर्षभर भिंतीकडे तोंड करून टांगलेली पत्र्याची पाटी सरळ व्हायची. आणि आम्हाला सुताच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचे.

त्या दिवशी माझी कांडी मशीनवर होती, म्हणून मी मागे राहिले. पाटी पहिल्यांदा वाचली. चौथी शिकले होते. तिच्यावर सरकारने ठरवलेली रोजची मजुरी. त्यात ‘कांडी भरणारी’ असं लिहिलेलं. पुढे आकडा. आम्हाला त्याच्या निम्माही मिळत नव्हता.

तेवढ्यात साहेब आत आला आणि शेठ ते बोलला.

माझी आई गावात उष्टं मागायची. धम्म घेतला त्या वर्षी तिने टोपली मोडून चुलीत घातली. दोन दिवस आम्ही उपाशी होतो, पण ती कुणाच्या दारात गेली नाही. मी ते पाहिलं होतं.

साहेब पुढे निघाला होता. मी म्हटलं, “साहेब, मी इथं कांड्या भरते. सात वर्षं झाली. अजून सात बाया त्या खोलीत हायत.”

“येडी हाय ती,” शेठ म्हणाला.

मी जाऊन कडी काढली. सात जणी बाहेर आल्या. सगळ्यांच्या डोक्यात कापूस.

साहेबाने जबाब लिहून घेतला. शेठने शाईचा डबा माझ्यापुढे सरकवला. “लाव अंगठा.” मी साहेबाचं पेन घेतलं आणि नाव लिहिलं. अक्षरं रेघेबाहेर गेली. पण पुरं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मला दारातूनच हाकललं. बरोबरची एक म्हातारी म्हणाली, “तुजं झालं गं बोलून. आमालाबी काढलं तर आमी काय खायाचं?”

पुढे तीन कारखान्यांनी मला ठेवलं नाही. कारण मी आत शिरल्याबरोबर भिंतीवरची उलटी टांगलेली पाटी सरळ करायचे, मग काम विचारायचे. चौथ्याही ठिकाणी आधी पाटीलाच हात घातला.