पंपाची लाज

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीला बाळदमा सांगितला आणि घरात सुतक आल्यासारखं झालं. सासूबाई म्हणाल्या, "पंप एकदा लागला की सुटत न्हाई. पोरीची जात हाय, उद्या स्थळ कोन आनंल?" अगं बाई! तीन वर्षांच्या लेकराचं स्थळ!

डॉक्टरीणबाई दर खेपेला नवं काहीतरी वाचून सांगायच्या. आता संशोधन म्हणतं, दम लागल्यावर नुसता तात्पुरत्या आरामाचा पंप मारून भागत नाही. आतली सूज कमी ठेवणारं औषध रोज ओढायचं, बरं वाटत असलं तरी. त्याची चटक लागत नाही. थेट फुप्फुसात जातं, म्हणून थोड्याशा औषधात काम होतं. घरी येऊन मी हे सगळं घसा कोरडा पडेस्तोवर सांगायची. नवरा मोबाइलमधून मान वर करायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, "लई शिकलीस." पालथ्या घड्यावर पाणी. पाहुणे आले की पंप पिठाच्या डब्यामागं जायचा.

गेल्या उन्हाळ्यात औशाला दिराचं लग्न होतं. लेक तोवर नऊ वर्षांची झाली होती. वरात मांडवाच्या दाराशी आली, फटाक्यांचा धूर झाला आणि तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. पर्समध्ये हात घातला, पंप नाही. अख्खी पर्स मांडवातल्या सतरंजीवर उलटी केली. नाहीच. लेकीचे ओठ निळसर व्हायला लागले. माझं डोकंच फिरलं. सगळ्या वऱ्हाडासमोर सासूबाईंवर ओरडले, "कुठं दडवलात?"

त्या रडायलाच लागल्या. "देवाशपथ, म्या हात न्हाई लावला गं."

लेकीनं माझा पदर ओढला. "मीच... काढून ठेवला घरी. लोकं... बघत्यात."

दिराच्या मित्रानं गाडीवरून दवाखान्यात पोचवलं. तिला वाफेचा मास्क लावला. सिस्टर म्हणाल्या, "तिला रडू देऊ नका, दम वाढंल." मी तिचा हात घट्ट धरून बसले. देवा, एवढा श्वास चालू ठेव, दुसरं काहीच मागत नाही.

मागोमाग वऱ्हाडातल्या बायका आल्या आणि दारातून डोकावायला लागल्या. लेकीनं मास्क बाजूला सारला. डोळे काठोकाठ भरलेले.

"आई, दार लाव ना."

मला ओरडावंसं वाटत होतं, बघा, सगळे बघा, श्वासच घेतीय माझी पोर, चोरी नाही करत! पण तिचे ओठ थरथरायला लागले होते.

मी उठले आणि दार लावलं.