जावईबापूंची मोटार डावीकडं का वळली

बेबे, जरा या पत्राजवळ सरकून बस गं, अक्षर माझं वाकडं हाय, दुरून लागायचं न्हाई. आणि आधी बोलणी खा — मामीला फोन करतेस तो 'तब्येत बरी ना' इचारण्यापुरता. असं असतं का? असू दे. आज सांगून राह्यले ते मी तुझ्या मामालासुद्धा कधी सांगितलं न्हाई. ते गेले, तवाही न्हाई.

तुला आजोळ का मिळालं न्हाई, ते सांगायचंय.

तू नुकती चालायला लागल्ती. दिवाळीला माझे वडील पिंपळगावहून आल्ते. सुतार माणूस. आपण सगळेच सुतार म्हणा, तुझ्या आजोबांची नव्या जालन्यात लाकडाची वखारच होती. वडलांनी तुझ्यासाठी सागवानाची बैलगाडी करून आणल्ती — बोटाएवढं जू, चाकांना आरे बराबर. तू ती हातची सोडीनास. तुझे बाबा बहरीनहून सुट्टीवर आल्ते. त्यांनी ती उचलली, माझ्या वडलांना म्हणाले, "मामा, ही सुतारकी आता पुरे करा की!" आणि हसत हसत अंघोळीच्या बंबात टाकली. तू रडलीस. आणि माझे वडील — काय केलं असेल त्यांनी? हसले गं. हात जोडल्यासारखे करून हसले. त्या हसण्यासाठी मी तुझ्या बापाला आजवर सोडलं न्हाई.

मंग आणीबाणी उठली त्या साली अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण, अनारशांचं वाण. तुझे बाबा आले ते रेडिओवर चालणारी खेळण्यातली मोटार घेऊन. तारबीर काही न्हाई, हातातल्या डबीची कांडी हलवली की लाल मोटार पळायची. पळायची, पण डावीकडं वढायची. सकाळभर त्यांनी सेल बदलले, चाकं पुसली, डबी आपटली. दुपारी सगळे आडवे झाले तवा मी ती उलटी करून पाह्यली. चाकांची तोंडं एकसारखी नसली की गाडी वढते, हे मी वडलांच्या शेजारी बसून शिकलेली. पुढच्या दोन चाकांना जोडणारी बारीक दांडी वाकल्ती. शिलाई मशीनच्या पेचकसानं पेच सैल केला, दांडी सरळ केली, पेच आवळला. ढकलली, तर ओसरीच्या फरशीवरून दोरी धरल्यासारखी गेली. कशाला केलं मी? वाकडं चाक मला बघवत न्हाई, दुसरं काय!

चहाच्या वेळी तुझे बाबा सगळ्यांना सांगून राह्यले, "मी केली नीट. हे काय बैलगाडीचं काम हाय व्हय? इथं डोकं लागतं."

मी आत गेले आणि तो पेच पुन्हा सैल केला. थोडाच. हळू चालवली तर बिलकुल कळायचं न्हाई. जोरात सोडली की डावं चाक तोंड फिरवणार. मोटार पाहुण्यांपुढं भलतीकडं जावी आणि त्यांनी हात जोडल्यासारखं हसावं — एवढंच पाहिजे होतं मला.

एवढंच असतं तर मी कधीच सांगून टाकलं असतं. पण —

वाणाच्या वेळी ओसरी भरल्ती. "बघा आता," म्हणून तुझ्या बाबांनी पाटावरूनच मोटार सोडली. अर्ध्यात ती वळली. आणि त्याच बाजूच्या दारातून तुझे आजोबा अनारशांचं ताट दोन्ही हातांनी धरून येत होते. ताटामुळं त्यांना पायाखालचं दिसत नव्हतं. मला दिसत होतं. ओरडायला वेळ होता, बेबे. 'मामंजी, थांबा' — एवढं म्हणायचं होतं. सुनेनं सासऱ्यापुढं आवाज काढू नये, असं मी मनाला पुष्कळदा समजावून पाह्यलं. खोटं हाय ते. मला त्या घटकेला गोड वाटून राह्यलं होतं.

मोटार पायात आली, ताटासकट आडवे झाले. खुबा मोडला त्यांचा. पडल्या पडल्या ओरडले, "त्या खेळण्यासकट निघा माझ्या घरातून!" जावयाला, वाणाच्या पाटावरून! तुझे बाबा वन्संचा, म्हंजे तुझ्या आईचा, हात धरून निघाले — म्हणाले, आता या उंबऱ्याला माझा पाय न्हाई, बायकोचाही न्हाई. वन्संनी माझं काय वाकडं केल्तं? नवी नवरी होते तवा माझी वेणी त्याच घालायच्या. 'पेच मी सैल केला' — एवढं म्हटलं असतं तर तुझी आई तिथंच थांबली असती. तुला कडेवर घेऊन वळून वळून बघत गेली.

तुझे आजोबा खाटेवरून उठलेच न्हाईत. ते गेले तवा वन्संनी रस्त्यावर उभं राहून, लोकांच्या खांद्यांवरच त्यांचं तोंड पाह्यलं. मी दारात होते. तवाही गप्प.

तुझे बाबा वारले तवा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं न्हाई, आजही येत न्हाई. तुझी आई वारली तवा मात्र — न्हाई, ते माझ्यानं लिहवत न्हाई.

माफ कर म्हणत न्हाई मी. तुला कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. ओसरी तीच हाय, फरशीही तीच. लवकर ये बाई एकदा. बोलायचं नसलं तर बोलू नको, पण तुझी आई ज्या दारानं गेली, त्याच दारानं आत ये.