देवेश, कोंबड्या आणि तिसरी अट

रेडीला बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर लूर्डसचं घर. खनिजाच्या ट्रकांमुळे कुंपण, केळीची पानं, वाळत घातलेले कपडे, सगळ्यावर तांबूस धूळ बसलेली. नवरा वारला, मुलगा गोव्यात कामाला लागला, आणि आजूबाजूच्या कामावर जाणाऱ्या बायका आपली पोरं दिवसभर लूर्डसकडे ठेवू लागल्या. पाळणाघर हा शब्द तिने कधी वापरला नाही. "पोरां येतत माझ्याकडे," एवढंच सांगायची.

पोरांनी अंगणात काय काय उचलावं याला तिची फारशी आडकाठी नसे. करवंटी, शंख, ओली माती, गोगलगाय. कुणी मुंग्यांच्या रांगेपाशी बसलं की तीही लुगडं सावरून शेजारी बसायची.

तेजस्वीला हे पटत नसे. ती शिरोड्याला औषधांच्या दुकानात काम करायची. नवरा जहाजावर. दोन वर्षांचा देवेश दिवस भरण्याआधीच जन्मलेला, पहिलं वर्ष त्याचं दवाखान्यातच गेलेलं. रोज सोडताना ती बजावायची, "लूर्डसबाय, तेका जमनीर सोडू नको हां." लूर्डस मान हलवायची आणि तेजस्वीची स्कूटर वळली की त्याला खाली सोडायची.

एका दुपारी ती दुसऱ्या पोराला झोपवत असताना देवेशने कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला आणि विष्ठेने भरलेली बोटं तोंडात. लूर्डसने त्याचं तोंड पुसलं, चूळ भरवली. पोरं असं करतातच, म्हणून संध्याकाळी तेजस्वीला काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला ताप चढला, जुलाब सुरू झाले. सलाईन लावावं लागलं. कशामुळे झालं ते नक्की सांगता येणार नाही, हात मात्र स्वच्छ ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. खुराड्याची गोष्ट तेजस्वीला कळली ती शेजारणीकडून. देवेशला दवाखान्यातून घरी आणल्यावर ती एकटीच लूर्डसकडे आली, देवेशची पिशवी उचलली.

"तो आता घराकच ऱ्हवतलो," म्हणाली आणि गेली.

लूर्डस पायरीवर बसून राहिली. मग उठली. खुराडं तिने एकटीने ओढत घरामागे नेलं, भोवती मासे पकडायचं जुनं जाळं घट्ट ताणून बांधलं. पुढच्या अंगणात दगडांवर पिंप चढवलं, त्याला पोराच्या कमरेइतक्या उंचीवर नळ बसवून घेतला. साबणाची वडी कांद्याच्या जाळीत घालून नळाला टांगली. बाकीच्या पोरांना हा नळ फार आवडला. पोरं हात धुवायची की पिंप रिकामं करायची, हे सांगणं कठीण होतं. त्यावरही लूर्डसने बंधन घातलं: अंगण भिजवायचं नाही.

मग ती तेजस्वीकडे गेली. खिडक्या बंद होत्या. देवेश पलंगावर मोबाइल धरून बसला होता. तिला पाहताच खाली उतरला आणि दाराच्या कडीशी खेळू लागला.

"हात लावू नको," तेजस्वी म्हणाली. त्याने वरही पाहिलं नाही.

"त्या दिसा तुका सांगूक होया हुता," लूर्डस म्हणाली. "मी सांगूक नाय. चूक माझी."

तेजस्वीने देवेशचा हात कडीवरून काढला; त्याने तो परत तिथेच नेला.

"पण सगळ्याक नाय म्हटलंस तर तो खंयचाच 'नाय' आयकाचो नाय. काय नको ता तू सांग. ता मी होवक देवचंय नाय."

तेजस्वीने बोटांवर मोजलं. "कोंबयांकडे जावचा नाय. गटाराकडे जावचा नाय. आणि भुयवरचा काय तोंडात घालूचा नाय."

"पयल्या दोनांचा वचन देतंय. तिसऱ्याचा नाय. तो घालतलो. मी काढतलंय, हात धुतलंय. पण घालूचो नाय म्हणान तुका खोटा सांगूचंय नाय."

तेजस्वीला राग आला तो तिच्या चेहऱ्यावर दिसला. मग तो ओसरला.

"मगे तिसरी अट बदलतंय," ती म्हणाली. "काय झाला तर त्याच दिसा माका सांगूचा."

"सांगतलंय."

सोमवारी देवेश आला. आईच्या कडेवरून उतरला तो तडक घरामागे. लूर्डसने त्याला जाळ्यापाशी गाठलं.

"नाय."

त्याने अंग टाकलं. तांबड्या धुळीत लोळला, किंचाळला. कुंपणाबाहेर शेजारची शेवंती उभी राहून बघत होती. "कित्याक रडवतंस गो? घटकाभर बघूक दी मा."

लूर्डस देवेशजवळ बसली. उचललं नाही, ओरडली नाही, जाळंही उघडलं नाही. आजारपणात वाळलेल्या त्या पोराचं रडणं तिला ऐकवत नव्हतं. हुंदके देत देत तो उठला, पुढच्या अंगणात गेला, आणि नळाखाली हात धरून पाणी कुठून येतं ते वाकून वाकून शोधू लागला.

संध्याकाळी तेजस्वी आली तेव्हा लूर्डस दारातच उभी होती.

"एकदा माती घातल्यान तोंडात. काढलंय. हात धुतलंय. कोंबयांपायी खूप रडलो."

तेजस्वीने देवेशला उचललं, त्याची बोटं एकेक उघडून पाहिली. नखांत थोडी माती होतीच.

"उद्या नखां कापून आणतंय," ती म्हणाली, आणि त्याला स्कूटरवर पुढे उभं केलं.