मंदाताईचा उलटा कोट

डिसेंबरच्या त्या आठवड्यात आमच्या शाळेतली मुलं बाकाखाली शिरायला शिकली होती. डहाणू-तलासरीकडे जमिनीचे धक्के सुरू झाले होते आणि रोज कोणी ना कोणी ‘हललं, हललं’ म्हणून वर्गातून पळत सुटायचं. म्हणून मुख्याध्यापक ऑफिसातून घाईघाईने बाहेर आले तेव्हा मला वाटलं, पुन्हा हललं. मी मुलांना पटांगणात काढायला लागले. सर माझ्यापाशी येऊन थांबले आणि म्हणाले, “मॅडम, घरून फोन आहे. तुम्ही आधी खुर्चीवर बसा.” जमीन जागच्या जागी होती. माझी मोठी जाऊ मंदाताई याच शाळेत गणित शिकवायची. त्या दिवशी बहिणीकडे उंबरगावला जायचं म्हणून तिने रजा टाकली होती. पिशवी भरून, चप्पल पायात घालता घालता ती ओटीवर कोसळली. डॉक्टर मेंदूतल्या रक्तस्रावाचं काहीतरी सांगत होते... मी पोहोचले तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता जानेवारी अर्ध्यावर आलाय, थंडी पडली आहे, आणि मला रोज पहाटे ती आठवते. गेलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो म्हणतात. मला मंदाताईची पाठ दिसते. साहजिकच आहे. चार हिवाळे ती स्कूटर चालवत होती आणि मी मागे बसत होते.

डहाणूची थंडी ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नाही. नाशिकचे पाहुणे जानेवारीत आमच्याकडे येतात आणि पंखा लावून झोपतात. समुद्राकाठच्या आमच्या चिकूच्या वाडीत पहाटे एक शाल पुरते. पण आमची शाळा तलासरीच्या अलीकडे, आणि भरायची सकाळची. अंधारात घर सोडायचं, कैनाडच्या रस्त्याने आत शिरायचं, पुढे हायवे गाठायचा. समुद्र मागे पडला, डोंगराकडचा वारा समोरून सुरू झाला की हीच चेष्टेतली थंडी हाडात शिरते. बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत ते बघून खात्री करावी लागते. हायवेला एखादा ट्रक शेजारून गेला की दात आपोआप वाजतात.

२०१४ साली मी शाळेत नवी लागले तेव्हा डहाणू रोडला खोली घेऊन राहत होते आणि जीपमध्ये कोंबून घेऊन शाळेला जात होते. मंदाताई तेव्हा माझ्यासाठी ‘राऊत मॅडम’. एक दिवस तिने जीपपाशी स्कूटर थांबवली आणि म्हणाली, “त्या जीपच्या पत्र्याला लटकण्यापेक्षा माझ्या मागे बस. पडलीस तर ओळखीच्या माणसामुळे पडशील.” मी बसले ती बसलेच. वर्षभर तिने मला मागे बसवून, म्हणजे पाठ करूनच, नीट पारखून घेतलं आणि मग स्वतःच्या धाकट्या दिरासाठी मागणी घातली. पोहे नाहीत, साडी नेसून बसणं नाही. लग्न ठरल्यावर नवरा म्हणाला, “मला विचारायचं राहिलंच की.” ती म्हणाली, “तुला विचारून काय करायचं होतं? स्कूटरवर तिच्याबरोबर मला जायचंय.” घरात आल्यावर तिने माझं ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही बंद करून ‘ताई’ आणि ‘तू’ सुरू करायला लावलं.

गरम राहण्याच्या बाबतीत ती कोणाचं ऐकत नसे. दुकानात मिळणारी जाकिटं तिच्या मते तरण्या पोरांनी फोटो काढायला घालायची. तिच्याकडे होता भाऊजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, लग्नातला कोट. वापीच्या शिंप्याने शिवलेला, जाड लोकरीचा, चॉकलेटी. भाऊजींचं पोट त्यातून कधीच बाहेर पडलं होतं. हा कोट ती उलटा घालायची, म्हणजे पाठ छातीवर आणि बटणं पाठीवर. समोर फट नाही, तर वारा शिरणार कुठून, असा साधा हिशोब. छातीशी कोटाच्या आत वर्तमानपत्राच्या दोन घड्या. त्यातही निवड असे. आमच्याकडे भाऊजींसाठी गुजराती पेपर येतो, तो तिला जास्त पसंत. “बाजारभाव असतात त्यात, अंग तापतं,” म्हणायची. रविवारच्या पुरवण्यांचा कागद गुळगुळीत असतो, ऊब धरत नाही, अशी तिची तक्रार होती. ही पुरवणी वाचणाऱ्यांनी रागावू नये... पण तिने हा लेखसुद्धा आधी चुरगाळून बघितला असता.

उलट्या कोटाची बटणं स्वतःला लावता येत नाहीत. ते काम माझं. अंगणात स्कूटरपाशी ती पाठ करून उभी राहायची आणि मी खालून वर बटणं लावत जायची. पाठीवर थोडी फट राहायचीच. “राहू दे,” ती म्हणायची, “तिथे तू आहेस.” आणि कोटाचे खिसेही मागे आलेले असल्यामुळे त्यात हात घालायचा हक्क माझा. एकदा तिने आणखी सुधारणा केली. चुलीतल्या निखाऱ्यांत भाजलेली रताळी काढून तशीच दोन्ही खिशांत टाकली. माझे हात गरम राहतील आणि शाळेत गेल्यावर दोघींची न्याहारी होईल. कैनाडच्या अलीकडेच खिशाचं अस्तर करपून फाटलं, एक रताळं रस्त्यावर पडलं आणि एक कुत्रा आमच्या मागे लागला. ते रताळं उचलायचं सोडून तो दुसऱ्यासाठी धावत होता. मंदाताई हसायला लागली तेव्हा स्कूटर अशी डुलायला लागली की मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवसापासून रताळी फडक्यात गुंडाळून यायला लागली.

वाटेत पाड्यांवर शेकोट्या पेटलेल्या असत. दोन ठिकाणी ती थांबायचीच. पण रिकाम्या हाताने नाही. स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी आमच्या वाडीतल्या चिकूच्या वाळक्या फांद्यांची मोळी असे. थांबलं की आधी फांदी शेकोटीत टाकायची, मग हात पुढे करायचे. “दुसऱ्याच्या आगीवर शेकायचं तर आपलं लाकूड न्यावं,” हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिथे एक म्हातारबाबा असत. तिला पहिल्यांदा कोटात पाहिलं तेव्हा बराच वेळ न्याहाळून म्हणाले, “बाय, तू येतेस का जातेस?” ती म्हणाली, “बाबा, शाळेत जाताना येते आणि घरी येताना जाते.” त्यांनी हे खरं मानून मान हलवली. पुढे त्यांचा नातू आमच्याकडे पाचवीत आला तेव्हा त्याने वर्गात आपली ओळख ‘शेकोटीवाल्यांचा’ अशी करून दिली.

हे सगळं मजेचं वाटतं. २०१६च्या डिसेंबरात ते मजेचं राहिलं नाही. माझ्या मुलीला, रेवाला, सहा महिने होत आले होते, माझी बाळंतपणाची रजा संपली होती आणि थंडी नेमकी सुरू झाली होती. सासूबाईंनी जेवताना शांतपणे सांगितलं, “अंगावर पाजणाऱ्या बाईने वारा खाऊ नये. आईला बाधलं की दुधातून बाळाला बाधतं. नोकरी सोडून दे, घरात खायला कमी नाही.” त्या दुष्ट मुळीच नाहीत. त्यांचं पहिलं मूल थंडीतच छाती भरून गेलं होतं, आणि त्या वेळी त्या पहाटे भाताच्या झोडणीला जात होत्या. अशा माणसाशी कोणी वाद घालायचा? नवरा ताटात बघत बसला. मला वाटलं, संपलं. तेव्हा मंदाताईने पोळी मोडता मोडता विचारलं, “आई, आणि मी तिला वारा लागू दिला नाही तर?”

बराच वेळ बोलाचाली झाली. शेवटी सासूबाईंनी अट घातली. या हिवाळ्यात रेवाला एकदा जरी सर्दी झाली तरी दुसऱ्या दिवशी राजीनामा. मंदाताईने मलाही न विचारता कबूल केलं. रात्री भांडी पुसताना मी तिच्यावर चिडले, म्हटलं, जगातलं कुठलं बाळ हिवाळाभर शिंकत नाही? ती ताट पुसत राहिली. मग म्हणाली, “आमचा निखिल झाला तेव्हा मी तलासरीतच दुसऱ्या शाळेत होते. असंच झालं. दोन हिवाळे घरी बसले, जागा गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा माझ्या बाजूने बोलायला कोणी जाऊ नव्हती.” हे तिने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं आणि नंतर कधीही काढलं नाही.

मग तिने मला जे गुंडाळलं ते आठवून अजून हसू येतं. दोन स्वेटर, सासऱ्यांची कानटोपी, पायांत मोजे आणि त्यावर दुधाच्या पिशव्या, वरून शाल. मी स्कूटरवर चढत नव्हते, मला चढवावं लागे. ती स्वतः पुढे ताठ बसायची, म्हणजे वारा तिला लागून दोन्हीकडे फुटावा. डिसेंबर निभला. संक्रांत आली.

संक्रांतीनंतर दोन-तीन दिवसांनी रात्री रेवाचं नाक वाजायला लागलं. मी तिला छातीशी धरून बसून राहिले. पहाटे अंगणात मंदाताईला सांगितलं आणि रडायलाच लागले. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, “आईंना कळलंय का?” म्हटलं, अजून नाही, त्या पूजेत आहेत. तिने बटणं लावायला पाठ केली नाही. कोट माझ्या अंगावर घातला, सुलटा, वर स्वतःची शालही दिली. अंगावर नुसती सुती साडी, कानाला काही नाही. मी हात धरला, तर म्हणाली, “बस मागे. उशीर होतोय.” त्या दिवशी हायवेला धुकं होतं. तिच्या पाठीला माझे हात लागत होते तर पाठ दगडासारखी गार, आणि ती मला नववीच्या पोरांच्या गमती सांगत होती.

संध्याकाळपर्यंत तिने घर शिंकून दणाणून सोडलं. सासूबाईंपुढे उभी राहून म्हणाली, “आई, मला मेलीला परवापासून कणकण होती, मी बोलले नाही. आणि तशीच रेवाला घेऊन बसले. माझी लागली तिला. तिच्या आईला बघा, ठणठणीत आहे.” सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि तिची जी खरडपट्टी काढली ती शेजारच्या वाडीत ऐकू गेली. आठ दिवस रेवाला हात लावायचा नाही अशी शिक्षा झाली. रेवा चार दिवसांत बरी झाली. मंदाताई महिनाभर खोकत होती. आठ दिवस ती दाराच्या उंबऱ्यापलीकडे उभी राहून रेवाला टाळ्या वाजवून दाखवायची... राजीनाम्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. मी तिचे आभार मानायला गेले तर म्हणाली, “कशाचे? मला खरंच सर्दी झाली होती.”

आज मी नोकरीत आहे ती तिच्यामुळे, हे मी कोणालाही सांगते. तिच्यापाशी मोठे विचार नव्हते, भाषणं नव्हती. दुसऱ्याला वारा लागत असेल तर आपण पुढे बसावं, एवढं तिला कळत होतं आणि ते ती करत होती. तिने मला स्कूटरही शिकवली, पण हिवाळ्यात कधी चालवू दिली नाही. “उन्हाळ्यात चालव,” म्हणायची.

तिच्यामागे पंधरा दिवस मी जीपने गेले. मग या महिन्यात कडाका पडला त्या पहाटे ठरवलं, आता स्कूटर काढायची. भाऊजींनी न सांगता कोट दारापाशी आणून ठेवला होता. मी अंगणात तो उलटा घातला, पेपरच्या घड्या आत सारल्या, आणि मग लक्षात आलं की बटणं लावायला कोणी नाही. हात मागे नेऊन दोन-तीनदा प्रयत्न केला. शेवटी तसाच घालून निघावं म्हणून किल्ली लावली, तर मागून सासूबाईंचा आवाज आला, “थांब.”

त्या अंगणात आल्या. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. खालच्या बटणापासून त्यांनी सुरुवात केली. एकेक बटण काजात जायला वेळ लागत होता.

“रेवाचं नाक त्या रात्रीच वाजत होतं,” त्या मागून म्हणाल्या. “मधे एक भिंत तर आहे. मी जागीच होते.”

मला वळता येईना, बटण त्यांच्या हातात होतं.

“दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आली मंदा, तर मागच्या दारी विहिरीचं गार पाणी डोक्यावर ओतून घेत होती. बंबात पाणी तापलेलं होतं. मी खिडकीतून बघितलं सगळं.” त्यांनी पुढचं बटण धरलं. “तिला मीच घरी बसवली होती तेव्हा. दोन थंड्या. मला ती कधी एक शब्द बोलली नाही... म्हटलं, माझ्या घरात हिला एवढं करावं लागतंय, तर आता मी गप्प बसावं.”

वरचं बटण लागलं. त्यांनी अंगावरची शाल काढून माझ्या पाठीवरच्या फटीत नीट खोचली.

“उद्या निघताना मला हाक मार,” त्या म्हणाल्या. “ही बटणं एकटीला लागत नाहीत.”