झुडपांचा उच्छ्वास

नेरजवळच्या झुडपी जंगलात एक मनोरा आहे. झुडपं हवेतला कार्बन किती घेतात, किती सोडतात आणि रान किती उष्णता परत फेकतं, हे त्यावरची यंत्रं मोजतात. ती सांभाळणारे काका रोज सकाळी वर चढून यंत्रांची काच जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसतात. झुडपांबद्दल ते गुरांसारखं बोलतात, "आज काही खाऊन नाही राह्यले."

हे जंगल पडीक ठरवून तोडायचं घाटत होतं. मी विरोधाचं पत्रक लिहिलं आणि झुडपं कार्बन घेतात त्याचे दुपारचे चढे आकडे ठळक टाकले. काकांनी ते वाचलं.

"रातचं कुठी हाय, भाऊ? रातच्यानं झुडपं कार्बन सोडतेत ना."

"ते धरलं तर आकडा उतरतो, काका."

"उतरू दे. अर्धं छापशीन, तं लोक सारंच खोटं म्हणतीन."

मी चिडलो. पण त्यांच्याजवळच बसून पत्रक पुन्हा लिहिलं.

जंगलतोडीवरच्या सुनावणीत वनखात्याच्या साहेबांनी पहिलंच विचारलं, "रात्रीचं वजा केलंय का?"

"केलंय," मी म्हणालो. आवाज चढवावा लागला नाही. साहेब पत्रक पुढे वाचू लागले, आणि मी मनातल्या मनात काकांचे पाय धरले.