देवळामागची शाळा

मैत्रिणींनो, आज सकाळचीच गोष्ट.

माझी भाची सान्वी दिवाळीपासून शाळेत जात नाही. शाळेचं गेट दिसलं की थरथरते. बिल्डिंगमध्ये कळू नये म्हणून वहिनी तिला रोज युनिफॉर्म घालून बाहेर काढते आणि शाळा सुटेपर्यंत जवळच्या सोनिवली गावातल्या देवळामागे घेऊन बसते. आज मीही सोबत गेले.

तिथे आधीच कोणीतरी होतं. आमच्याच बी विंगमधल्या काकू! शेजारी त्यांचा नातू, युनिफॉर्ममध्ये, दप्तरासकट.

काकू वहिनीकडे बघून म्हणाल्या, "तुमची पण शाळा इथेच भरते का गं?"

वहिनी इतकी हसली की शेवटी रडलीच. "मला वाटायचं, आई म्हणून मीच कमी पडले."

"माझी सूनही रोज हेच म्हणते," काकूंनी तिचा हात धरला.

शाळा सुटायची वाट न बघता दोघी मुलांना घेऊन सोसायटीच्या मेन गेटमधून आत आल्या, भर अकरा वाजता. वॉचमननं विचारलं, "आज छुट्टी?" वहिनी म्हणाली, "नाही, आम्ही गेलोच नाही."

रविवारी चारला आमच्याकडे चहाला जमतोय. अंबरनाथ, उल्हासनगरहूनही या. मुलांना घरच्या कपड्यांत आणा. उपदेश कोणी करणार नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट असले तरी मीसुद्धा नाही.

तुमच्यापैकी अजून कोण देवळामागे बसतंय?