घरात माणसं किती?

झुंबरबाई बिबट्याला भीत नाही. सुरगाण्याकडच्या तिच्या पाड्यावर कोंबडी उचलायला आलेल्या बिबट्याला तिनं सारवण सोडून शेणाच्या हातानंच हाकललं होतं. बिबट्याला शेण लागलं की नाही, एवढ्यावरच पाड्यात दोन मतं आहेत. पण ही बाई मोजणीला भिते. कोंबड्या मोजल्या की मुंगूस येतं आणि पोरं मोजली की दुखणं येतं, अशी तिची साठ वर्षांची खात्री.

म्हणून रेशनकार्डावर नावं लिहायला माणूस आला, त्या दिवशी तिनं दुधपित्या नातीला, मीनाला, नागलीच्या कणगीआड दडवलं.

"घरात माणसं किती?"

"तीन. मी, ल्योक न् सून."

कणगीनं "ट्यँ" केलं. झुंबरबाई म्हणाली, "मांजर हाय."

यंदा द्राक्षांच्या हंगामात सगळे नेहमीसारखे पिंपळगाव बसवंतला आले. लेक चंदर आणि सून दिंडोरीकडच्या बागेत आठवड्याच्या कामावर गेले, आणि इथं तीन वर्षांची मीना तापानं फणफणली. बागेतल्या झोपडीत गावची आशाताई तृप्ती आली. मीनाचा जन्म इथल्याच दवाखान्यातला, अशाच एका हंगामातला; तेव्हापासून तृप्ती तिला ओळखते. तिनं पोरीचं झबलं वर केलं, मोबाइलवर मिनिट लावलं.

"आजी, श्वास मोजते. जरा गप्प."

झुंबरबाईनं झटकन पदर टाकून पोरीची छाती झाकली. "मोजू नको गं बाये!"

"मग कळणार कसं?"

"तापलीय, हे कळतंय ना? लय झालं!"

पण पदराखालीही बरगड्या आत ओढलेल्या दिसत होत्या. तृप्तीनं पदर सारला, मोजलं, आणि तिचा चेहराच उतरला. "अठ्ठावन्न. चाळिसाच्या आत हवेत. आत्ताच्या आत्ता नाशिक."

नाशिकच्या दवाखान्यात मीनाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला आणि या दोघींना खाली मोफत उपचारांच्या सरकारी योजनेच्या खिडकीवर धाडलं. तिथं बाळाजी नावाचे गृहस्थ कपाळावरचा चष्मा टेबलाखाली शोधत होते. तृप्तीनं तो नाकावर आणून दिला. झुंबरबाईनं कमरेची पिशवी सोडून कार्ड काढलं. पिठाच्या डब्यात जपलेलं, त्यामुळे टेबलावर थोडं नागलीचं पीठ सांडलं.

"यात तीनच नावं. मीना कुठाय?"

झुंबरबाईनं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. तीन वर्षं जे कार्ड जिवापाड जपलं, त्यात जपायचं तेच नव्हतं.

"पोरगी या घरची आहे, हे कागदावर नको का? पुढं श्वासाचं मशीन लागलं, तर खर्च..." बाळाजींनी वाक्य अर्धंच सोडलं. उरलेलं झुंबरबाईला सगळं ऐकू आलं.

"जन्माचा दाखला आमच्या पिंपळगावच्या ग्रामपंचायतीतून मी उद्या आणते," तृप्ती म्हणाली. "तोवर अर्ज तरी घ्या."

"घेतो. घरच्यांनी सांगावं आणि अंगठा द्यावा." बाळाजींनी पेन उघडलं. "आजी, घरात माणसं किती?"

तोच प्रश्न. झुंबरबाईनं जिन्याकडं पाहिलं. वर पोरगी श्वासाला झगडतेय आणि आपण खाली तिला मोजायचं? आज? ओठांवर सवयीनं "तीन" आलं.

"आजी!" तृप्ती कळवळली.

"...चार."

"मोठ्यानं बोला, माझे कान गेलेत."

"चार! चार हायेत! चौथी मीना!" अख्खी रांग वळून बघायला लागली. अंगठा तिनं असा घाईनं दाबून उचलला, की कागदावर एकाच अंगठ्याचे दोन ठसे उमटले.

"दाखला उद्या संध्याकाळच्या आत," बाळाजी म्हणाले.

ती धावतच वर गेली. आपण मोजलं, आता काय झालं असेल? मास्क होता. छाती हलत होती. खाटेशी बसून ती पोरीच्या छातीवरून नजर काढेना. तृप्ती म्हणाली, "भिंतीवरच्या घड्याळाचा लाल काटा फिरून येईस्तो श्वास मोजायचे."

झुंबरबाईला विसांत मोजता येतं. तिनं देवाची माफी मागितली आणि सुरुवात केली. दोन विसा न् पंधरा. दुपार कलली तेव्हा दोन विसा न् नऊ. आपणच मधले सहा गिळले की काय, या धास्तीनं ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.